आजोबांच्या दोन ट्रंका आणि तेरचे लामतुरे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मांजरा नदीकाठच्या एका गावातले आजोबा, निवृत्त शिक्षक, वय ८९. गावाबाहेरच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, आणि नदीच्या पात्रात पन्नासेक वर्षं फिरून त्यांनी पुष्कळ वस्तू जमवल्या. नाणी, मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, खापरं, भाजक्या मातीचं एक मुंडकं, दगडी हत्यारं, नदीत सापडलेली दोन मोठी दगडासारखी जड हाडं, शिंपले, आणि भिंतीवर काळविटाच्या शिंगांची जोडी. हे सगळं दोन ट्रंकांत आणि एका काचेच्या कपाटात आहे. नातवाने विचारलंय की गावात छोटं संग्रहालय काढावं, सरकारला द्यावं, की पुण्याच्या एखाद्या मोठ्या संग्रहालयाकडे सोपवावं? चुलतभावाचं म्हणणं, बाकीचं राहू दे, नाणी तरी विकून टाकू.

मी २७ वर्षं संग्रहालयांत वस्तूंच्या नोंदी आणि जपणूक हेच काम करते आहे. त्या अनुभवावरून आधी एक सांगते. कुठे ठेवायचं हा तुमचा पहिला प्रश्न नाही, तो तिसरा किंवा चौथा आहे. आज तुमच्या घरात सगळ्यात मोलाची आणि सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे आजोबांची आठवण. कुठली वस्तू कुठे, कधी, कशी मिळाली हे फक्त त्यांना ठाऊक आहे. नाणी दहा वर्षं ट्रंकेत पडून राहिली तरी बहुतेक टिकतील. आठवणीचं तसं नाही. म्हणून जागा, ट्रस्ट, कपाटं, पाटी हे सगळं सध्या बाजूला ठेवा आणि या आठवड्यापासून त्यांच्याजवळ वही घेऊन बसा.

हे इतकं ठासून का सांगते, त्यासाठी तेरचं उदाहरण देते. तुमच्या भागातलंच आहे. तेर तेरणेच्या काठी आहे आणि तेरणा पुढे मांजरेलाच मिळते.

तेर आपल्याकडे गोरोबा काकांचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवरचं हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची जी माहिती लिहून ठेवली, त्यात पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठं शहर असल्याचं म्हटलं आहे. तिथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात असे, असंही त्यात आहे. हे तगर म्हणजेच तेर, ही ओळख इतिहास-संशोधक फ्लीट यांनी १९०१ मध्ये पटवून दिली. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी तिथल्या विटांच्या देवळांची पाहणी केली. त्रिविक्रमाचं देऊळ पाठीमागून अर्धगोल आहे आणि मुळात ते बौद्ध चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.

पण गावाची ओळख पटणं वेगळं आणि गावातल्या वस्तू गावात राहणं वेगळं. तेरच्या आसपास कोट टेकडी, बैराग टेकडी अशी जुन्या वस्तीची टेकाडं आहेत. आपल्याकडे अशा जागेला पांढरी म्हणतात. शेकडो वर्षांच्या राख, शेण, पडक्या मातीच्या भिंती यांनी तिथली माती पांढुरकी झालेली असते. शेतकरी ती गाड्या भरभरून शेतात टाकतात, धाब्याच्या छपरावर घालतात. नांगर फिरला, पाऊस पडून गेला की मणी आणि नाणी वर येतात. मुलं ती वेचतात, थोडा वेळ खेळतात, हरवून टाकतात. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरमधले व्यापारी. पुरातत्त्वाचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. त्यांनी हे वर येणारं सगळं आयुष्यभर गोळा केलं. सातवाहनांची नाणी, मातीच्या मूर्ती, पांढऱ्या शाडूसारख्या मातीच्या साच्यातून काढलेल्या बाहुल्या, दिवे, शंखाच्या बांगड्या, निरनिराळ्या दगडांचे मणी, सगळं. त्या संग्रहाचं पुढे त्यांच्याच नावाने शासकीय वस्तुसंग्रहालय झालं आणि ते तेरलाच राहिलं. आज तुम्ही संग्रहालयातून बाहेर पडून चालत त्रिविक्रमाच्या देवळापर्यंत आणि पांढरीपर्यंत जाऊ शकता. वस्तू आणि तिची जमीन अशी एका हाकेच्या अंतरावर असणं किती दुर्मीळ आहे, हे मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत काम केलेल्या माणसालाच नीट कळतं.

या संग्रहातली सगळ्यात प्रसिद्ध वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती. वीतभरही नाही, पण भरगच्च दागिने घातलेली, ऐटीत उभी. तिची बहीण शोभेल अशी दुसरी मूर्ती इटलीत पाँपेईला १९३८ मध्ये सापडली. तिसरी, मोडलेल्या अवस्थेतली, आपल्याच जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात मिळाली. आता या तिघींकडे नोंद करणाऱ्याच्या नजरेने बघा. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीची, यात शंकेला जागाच नाही. भोकरदनची मूर्ती उत्खननातल्या थरातून आली. वर काय होतं, खाली काय होतं, शेजारी कुठली खापरं होती, सगळं नोंदलेलं. तेरची मूर्ती घडणीत कुणापेक्षाही कमी नाही, पण तिचा काळ सांगताना अभ्यासकाला दुसऱ्या दोघींचा आधार घ्यावा लागतो. तेरलाही १९५८ पासून वेगवेगळ्या वेळी उत्खननं झाली. त्यांतून जे थर, जी खापरं नोंदली गेली, त्यांच्याशी ताडून लामतुऱ्यांच्या संग्रहातल्या शेकडो वस्तूंचा काळ ठरवता येतो. म्हणजे नोंद असलेली वस्तू नोंद नसलेल्या वस्तूलाही बोलतं करते. उलटं मात्र होत नाही.

लामतुऱ्यांनी हे केलं नसतं तर यातलं काहीच आपल्यापर्यंत आलं नसतं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल फार आदर आहे. आणि तुमच्या बाबतीत तर एक गोष्ट अजून हातात आहे. तुमचे आजोबा समोर बसलेले आहेत.

आता माझी स्वतःची चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून व्हायला नको. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. एका निवृत्त तलाठ्यांचा संग्रह आमच्याकडे यायचा होता आणि तो आणायला मला पाठवलं. मणी आणि नाणी वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधलेली होती, शंभराच्या आसपास पुड्या असतील. मी मोठ्या उत्साहाने दिवसभर बसून एकेक पुडी सोडली, मणी मण्यांत, नाणी नाण्यांत अशी नव्या डब्यांत लावली आणि कागदाचा ढीग चुलीजवळ नेऊन ठेवला. संध्याकाळी ते गृहस्थ आले, डब्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, कागद कुठंयत?" प्रत्येक पुडीच्या आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने शेताचं नाव लिहिलेलं होतं. अर्धे कागद तोवर जळून गेले होते. मण्यांचा तो डबा आजही आहे. मणी सुंदर आहेत, आणि ते कुठल्या शेतातले, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून ट्रंक उघडलीत की आधी हात लावू नका. वरून फोटो काढा. एक थर उचलला की पुन्हा फोटो. कुठली पुडी कशाखाली होती, कुठल्या डबीत काय होतं, डबीवर काय लिहिलं होतं, हे सगळं पुरावा आहे. आजोबांनी एका वर्षी मिळालेल्या वस्तू एका डबीत ठेवल्या असतील, तर ती डबी म्हणजेच नोंद आहे. कागद, चिठ्ठी, दोरा, काडेपेटी, काही टाकू नका. जुनं वर्तमानपत्र असेल तर त्यावरची तारीखसुद्धा टिपून घ्या. वस्तू निदान त्या तारखेनंतर बांधली गेली, एवढं तरी त्यावरून कळतं.

आजोबांना प्रश्न कसे विचारायचे, यावर थोडं सविस्तर सांगते, कारण इथे बहुतेक जण गडबड करतात. "हे कधी सापडलं?" असं विचारलं की म्हातारी माणसं संकोचतात, किंवा आपल्याला बरं वाटावं म्हणून काहीतरी साल सांगतात. त्याऐवजी वस्तू त्यांच्या हातात द्या आणि बोलू द्या. सोबत कोण होतं? शेतात तेव्हा काय होतं, ज्वारी की हरभरा? नांगरट झाली होती का? पाऊस पडून गेला होता का? बाहत्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? तेव्हा ते कुठल्या शाळेवर होते? पिकावरून महिना निघतो, शाळेवरून साल निघतं. दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर पाझर तलाव आणि रस्ते खणले गेले, त्यात पुष्कळ गावांत जुन्या वस्तू निघाल्या, तेही विचारा. एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे, शक्यतो सकाळी. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं आणि मोबाइल आवाज टिपायला बाजूला ठेवायचा. उत्तर तुम्ही सुचवू नका.

प्रत्येक उत्तरापुढे तीनपैकी एक शब्द लिहा: नक्की, बहुतेक, आठवत नाही. "आठवत नाही" हीसुद्धा चांगली नोंद आहे. ओढूनताणून लिहिलेल्या ठिकाणापेक्षा ती कितीतरी बरी, कारण खोटं ठिकाण पुढच्या अभ्यासकाला चुकीच्या वाटेने नेतं.

जागेचं नाव ते सांगतील तसंच लिहा. मसोबाचा माळ, वडाचं शेत, पांढरीचा पट्टा, जे असेल ते. मग त्याच्या शेजारी आजचा गट नंबर लिहा. जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि कैक गावांत शेतांची जुनी नावं एका पिढीत विसरली गेली. गावातल्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला सोबत घेऊन सातबाऱ्याशी मेळ घाला. आजोबांना चालवत असेल तर गाडीतून बांधापर्यंत न्या आणि फोनवरून अक्षांश-रेखांश टिपा. शेतात उभं राहिल्यावर घरी न आठवलेलं बरंच आठवतं, हे मी अनेकदा बघितलं आहे. आणि एक अवघड प्रश्नही विचारावा लागेल: यातलं विकत घेतलेलं काय आहे? बाजारात, जत्रेत, मोडीवाल्याकडे घेतलेली नाणी पुष्कळ संग्राहकांकडे असतात. विद्यार्थी परगावाहून आणून देतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण ती वेगळी नोंदवायला हवीत, नाहीतर कुठल्यातरी दूरच्या राज्याचं नाणं तुमच्या गावात सापडलं अशी नोंद होऊन बसेल.

मग नोंदवही. जाड बांधणीची, पानांना क्रमांक असलेली वही घ्या. वस्तूला एक क्रमांक, तो पुन्हा कधीही दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. वर्णन, माप, वजन, ठिकाण, कसं मिळालं, कोणी सांगितलं, फोटोचा क्रमांक, कुठे ठेवलंय. संगणकावर जरूर करा, पण वही असू द्या. क्रमांक वस्तूवर लिहायचा असेल तर थेट लिहू नका. दगड आणि खापर यांच्यावर न दिसणाऱ्या कोपऱ्यात पॅरालॉइड बी-७२ हे ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं राळेसारखं द्रव्य बोटाच्या पेराएवढं लावायचं, वाळलं की त्यावर काळ्या शाईने क्रमांक आणि वरून पुन्हा एक हात. हवं तेव्हा ॲसिटोनने पुसता येतं. नाण्यांवर आणि मण्यांवर काहीच लिहू नका. त्यांची छोटी पिशवी करा आणि आत चिठ्ठी ठेवा.

आता ठेवण्याबद्दल. सगळ्या वस्तूंचे लाड सारखे करावे लागत नाहीत. दगडी हत्यारं आणि खापरं एकमेकांवर घासली नाहीत की झालं. माझी काळजी दोनच गोष्टींची आहे, आणि तुमच्या त्या काचेच्या कपाटात त्या बहुधा शेजारी शेजारीच आहेत: शिशाची नाणी आणि शंख-शिंपले.

सातवाहनांची बरीच नाणी शिशाची असतात. जड, राखाडी, थोडीशी मऊ. लाकडी कपाटातून, विशेषतः नव्या प्लायवूड आणि दाबलेल्या भुशाच्या फळ्यांतून, आंबूस वाफ कायम बाहेर पडत असते. आपल्या नाकाला ती फार जाणवत नाही, पण शिशाला जाणवते. नाण्यावर पांढरी पावडर धरायला लागते, खाली पांढरा चुरा पडतो आणि काही वर्षांत नाण्यावरचा हत्ती किंवा उज्जैन चिन्ह (फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं) पुसून जातं. तीच वाफ शिंपल्यांवरही तसाच परिणाम करते, कारण शिंपला म्हणजे चुनाच. निसर्ग-इतिहासाच्या संग्रहांत शिंपल्यांना हा रोग होतो हे जुन्या लोकांना माहीत होतं. तुमच्याकडे शंखाच्या बांगड्याही आहेत, त्यांनाही तोच धोका. म्हणजे एकाच खणात निसर्ग आणि इतिहास दोन्ही एकाच कारणाने झिजतात. नवं सुंदर कपाट करून घेणाऱ्या घरांत मी हे जास्त बघितलं आहे, जुन्या लोखंडी ट्रंकेत कमी. तेव्हा ट्रंकच राहू द्या. ही नाणी आणि शिंपले जाड पॉलिथिनच्या पिशव्यांत, साध्या पॉलिप्रॉपिलिनच्या डब्यांत ठेवा. नाण्यांचे मऊ प्लास्टिकचे अल्बम मिळतात ते वापरू नका, त्यात नाणी चिकट आणि हिरवी होतात. नाणी पांढरी पडलेली दिसली तर भिंगातून बघा, फोटो काढा आणि वेगळी ठेवा.

तांब्याच्या नाण्यांवर गडद हिरवा घट्ट थर असेल तर तो राहू द्या. फिकट हिरवे, भुसभुशीत ठिपके दिसले तर मात्र रोग चालू आहे. ते नाणं बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि तज्ज्ञाला दाखवा. चिंच, लिंबू, राख, दात घासायची पावडर, कशानेही चकाकी आणायला जाऊ नका. घासलेल्या नाण्यावरची अक्षरं परत आणता येत नाहीत, आणि ओळख बहुतेक वेळा त्या अक्षरांवरूनच होते.

दोन मोठ्या हाडांबद्दल मला मनापासून उत्सुकता आहे. मांजरेच्या काठच्या वाळू-गोट्यांच्या जुन्या थरांत हजारो वर्षांपूर्वीच्या हत्ती, रानबैल, इतकंच काय पाणघोड्याच्याही अश्मीभूत हाडांचे अवशेष मिळाले आहेत. लातूर जिल्ह्यात हारवाडीजवळ अशा हाडांवर काम झालेलं आहे. आपल्या मराठवाड्याच्या नदीत पाणघोडे डुंबत होते, हे गावातल्या मुलांना सांगून बघा, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. हाड खरंच अश्मीभूत असेल तर ते दिसतं त्यापेक्षा बरंच जड लागतं आणि नखाने वाजवलं तर दगडासारखं वाजतं. त्याला चिकटलेले चुनखडीचे कंकर आणि खाचेतली वाळू काढू नका. कुठल्या थरातून आलं हे त्या वाळूवरूनच कळू शकतं. ऊन देऊ नका, धुऊ नका. भेगा पडत असतील तर खाली मऊ कापडाची चुंबळ करून टेकू द्या. ओळख पटवायला पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये जुन्या प्राण्यांच्या हाडांवर काम करणारे लोक आहेत, त्यांना फोटो पाठवा.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण रोजच्या कामात जेवढं लागतं तेवढं सांगते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक वस्तू ही पुरावस्तू ठरते, हस्तलिखितांना ७५ वर्षं. घरी असणं हा गुन्हा नाही. पण दगड, भाजकी माती, धातू, हस्तिदंत, हाड यांतली शिल्पं, चित्रं, चित्रं असलेली हस्तलिखितं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. तुमचं ते भाजक्या मातीचं मुंडकं त्यात बसेल. राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या तुमच्या विभागातल्या कार्यालयात जाऊन विचारा. नोंदलेली वस्तू दुसऱ्याच्या मालकीची झाली की तेही कळवावं लागतं. पुरावस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि देशाबाहेर पाठवणं खाजगी माणसाला पूर्ण बंद आहे. शिवाय १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. वर्षानुवर्षं पांढरीवरून वेचलेल्या एकेका नाण्याला तो कसा लागू होतो, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. कुणी अख्खं मडकं भरून नाणी काढली असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून आजोबांना हेही शांतपणे विचारून घ्या. आणि इथून पुढे कुणीही पांढरीत खणायचं नाही, हे घरात आणि गावात स्पष्ट सांगा.

काळविटाची शिंगं हा वेगळा विषय आहे आणि कायद्याच्या बाबींत तोच तुम्हाला सगळ्यात आधी निस्तरावा लागेल. वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. अशा वस्तूसाठी वनविभागाचं मालकीचं प्रमाणपत्र लागतं. २००३ मध्ये शासनाने जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती, तेव्हा आजोबांनी अर्ज केला होता का ते कागदांत शोधा. विकता तर येतच नाही, आणि वारशाने आली तर ९० दिवसांत कळवावं लागतं. प्रमाणपत्र नसेल तर लपवू नका. वकिलाचा सल्ला घेऊन वनविभागाकडे जा. हे मार्गी लागेपर्यंत ती शिंगं कुठल्याही प्रदर्शनात मांडू नका. कुणाकडे पेंढा भरलेला जुना पक्षी किंवा प्राणी असेल तर त्यांच्यासाठीही एक सूचना. जुन्या काळी कातडीला आतून सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, लावत असत, तेव्हा उघड्या हाताने हाताळू नका.

चुलतभावांच्या सूचनेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. नाणी विकू नका. विकणाऱ्याच्या हाती फार येत नाही, हा भाग वेगळाच. पण नाणी काढून घेतलीत की उरलेल्या संग्रहाचं कालमापनच गेलं. ज्या शेतात एका राजाचं नाणं आणि अमुक प्रकारची खापरं एकत्र मिळाली, तिथे नाण्यामुळे खापरांचा काळ कळतो. खापरांना बाजारात किंमत नाही म्हणून ती राहतील आणि नाणी जातील, आणि मग खापरांना काही सांगताच येणार नाही.

शेवटी तुमचा मूळ प्रश्न, कुठे ठेवायचं. इथे सरसकट उत्तर नाही. गावात स्वतंत्र संग्रहालय काढायचं असेल तर मी एकच गोष्ट विचारते: किल्ली दुसऱ्या कुणाकडे असेल? तुम्ही नोकरीला पुण्याला किंवा हैदराबादला गेलात तर दार कोण उघडणार, पावसाळ्यात गळती कोण बघणार, नोंदवहीशी वस्तू दरवर्षी कोण ताडून बघणार? असं एक माणूस गावात असेल, त्याला यात खरी गोडी असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था नोंदवून जरूर सुरू करा. नसेल तर मोहात पडू नका. उद्घाटनाला पाच वर्षं व्हायच्या आत कुलूप लागलेल्या खोल्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या कुलपाआड वाळवी निवांत असते.

शासनाला द्यायचं असेल तर तुमच्या भागात तेर आहे. तिथे अशाच मातीतल्या, अशाच काळातल्या वस्तूंच्या शेजारी तुमच्या वस्तू बसतील, हा मोठा फायदा आहे. पुण्याचं मोठं संग्रहालय जपणूक चांगली करेल, पण तिथे बहुतेक वस्तू भांडारात जातील. ते वाईट नाही, अभ्यासकाला भांडारही चालतं, पण तुमच्या गावातली मुलं तिथे पोहोचणार नाहीत. पुण्यातल्या केळकर संग्रहालयाचं उदाहरण अनेक जण देतात. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह राज्य शासनाला दिला आणि अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला आहे. पण तो संग्रह देशभर फिरून जमवलेला होता, पुण्यात मांडला गेला आणि त्यांनी स्वतः हयातीत सोपवला. या शेवटच्या गोष्टीकडे लक्ष द्या. लामतुऱ्यांच्या संग्रहालाही त्यांचं नाव मिळालं ते संग्रह एकत्र राहिला म्हणून. आजोबांची इच्छा त्यांच्याच तोंडून, त्यांच्या सहीने, दोन साक्षीदारांसमोर आत्ताच लिहून घ्या. दानपत्रात वस्तूंची क्रमांकवार यादी आणि प्रत्येकीचा फोटो जोडा, संग्रह फोडायचा नाही आणि नोंदींची एक प्रत गावच्या शाळेत राहील, या अटी घाला. अटी मान्य होतीलच असं नाही, पण न घातलेली अट तर कुणीच पाळत नाही.

मला विचाराल तर मी मधला मार्ग सुचवेन. मूळ वस्तू तेरला, नोंदींसह. गावच्या शाळेत एक भिंत: गावाचा नकाशा, त्यावर आजोबांनी सांगितलेली शेतांची नावं, कुठे काय मिळालं याचे फोटो, आणि जिथे कुणाला अडचण नाही अशी थोडी खापरं, मुलांना हातात घेता येतील अशी. दोन हाडांपैकी एकाची प्लास्टरची प्रतिकृती. याला फार खर्च नाही आणि किल्लीचा प्रश्नही येत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी आजोबांचं बोलणं आणि ट्रंकेचे फोटो, मग शिंगांचे कागद, मग शिशाची नाणी आणि शिंपले कपाटातून बाहेर, मग नोंदवही. जागेचा निर्णय त्यानंतर, घाई न करता.

त्या दोन हाडांचे फोटो मलाही पाठवा. चारही बाजूंनी, बाजूला पट्टी ठेवून, सावलीत. ती नदीच्या कुठल्या वळणावर मिळाली आणि तेव्हा पाणी कुठपर्यंत होतं, हे आजोबांना आजच विचारून ठेवा.